चाफ्याचं ओझं

माकुणसारला माझी रोपवाटिका आहे. कंपन्यांना झाडं लागतात, नव्या इमारतींना लागतात, त्यामुळे बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात माझी फेरी ठरलेलीच. लहान रोपं व्हॅनमध्ये मावतात. मोठं झाड न्यायचं असेल तर मुळांचा गोळा मातीसकट गोणपाटात बांधायचा, व्हॅनच्या मागे ट्रॉली जोडायची आणि त्यावर झाड आडवं निजवायचं. व्हॅन जुनी आहे, पण ऑटोमॅटिक आहे. माझा डावा पाय लहानपणी पोलिओत गेला, क्लच दाबणं जमत नाही. म्हणून तिच्यावर माझा जीव. तिचा आवाज जरा बदलला तरी मला कळतो.

तर तो पौषातला दिवस. पालघरजवळच्या माहीमच्या एका वाडीतून सोनचाफा काढून कुंभवलीला न्यायचा होता. वाडी धर्माजीकाकांची. रस्ता रुंद होणार होता, त्यात घर आणि अर्धी वाडी जाणार होती. मुलगा भावेश तारापूरला कारखान्यात, त्याने कुंभवलीत छोटं घर बांधलेलं. म्हातारा-म्हातारी तिकडेच राहायला निघाले होते. सामान आधीच गेलं होतं. राहिला होता फक्त चाफा.

"एवढा जुना चाफा जगेलच असं सांगता येत नाही, काकी," मी गोदूबाईला आधीच म्हटलं होतं. "नवीन कलम देते ना मी. दोन वर्षांत फुलं येतील."

गोदूबाईने मान हलवली. वाळकी, नाजूक बाई, पण डोळे फार शांत. "फुलांसाठी नाय गो. माझी पयली पोर हाय त्याच्या मुळात. बारसं पण झालं नव्हतं. तिला एकटीला ठेवून कशी जाऊ?"

मी धर्माजीकाकांकडे पाहिलं. ते दुसरीकडे बघत होते. मी काम घेतलं.

हायड्रा क्रेनने झाड अलगद उचललं. फांद्या आधीच छाटल्या होत्या, एकही कळी शिल्लक नव्हती. मुळं बाहेर आली तेव्हा मातीला एक थंडगार वास होता, विहीर उपसताना येतो तसा. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्याची यंत्रं येणार होती, आणि मुळं उघडी पडली की झाडाला फार वेळ नसतो. कुंभवलीत भावेशने खड्डा खणून ठेवला होता. म्हाताऱ्या जोडप्याला मागच्या सीटवर बसवलं आणि आम्ही निघालो.

वाड्या संपल्या. दोन्ही बाजूंना कापणी झालेली भातखाचरं, पलीकडे खाडीचं पाणी, आणि त्या सगळ्यावर थंडीतलं पांढुरकं धुकं. दुपार उतरत होती. ऊन असूनही सावल्या पडत नव्हत्या. रस्ता असा की जणू पाण्याखालून चाललोय.

खाडीवरच्या पुलाच्या अलीकडे व्हॅन जड झाली. इंजिन गुरगुरत होतं, पण चाकं मनापासून फिरत नव्हती. पाय दाबला की आवाज वाढायचा, वेग वाढायचा नाही. मग तो वास आला, करपलेल्या तेलाचा. समोर लाल दिवा लागला.

मी गाडी कडेला घेतली. रस्ता सपाट होता. चाफ्याच्या दुप्पट वजनाची झाडं मी याच व्हॅनने ओढली होती. बोईसरला जितेशला फोन लावला. ऑटोमॅटिक गाड्यांचं काम करणारा आमच्या बाजूला तोच एक.

तो मोटारसायकलवर आला, बॉनेट उघडलं आणि कामाला लागला. दांडी काढून तेल पाहिलं. तेल पुरेसं होतं, पण गडद झालेलं.

"ताई, या गाडीत इंजिनची ताकद तेलातून चाकाकडे जाते," तो मला म्हणाला. "ओझं झेपलं नाही की तेल नुसतंच घुसळत राहतं आणि तापतं. आता कशामुळे ते बघायचं."

त्याने तेलाच्या कूलरकडे जाणारी नळी तपासली, मग परत येणारी. जाणारी तापलेली, येणारी कोमट. म्हणजे कूलर ठीक. पंखा ठीक. जुनं तेल काढून त्याने नवं भरलं. नळीला एक तापमापक बांधला, त्याची तार खिडकीतून आत घेतली. मग ट्रॉली सोडून व्हॅन एकटीच थोडी पुढे नेऊन आणली. काटा जागचा हलला नाही. ट्रॉली जोडली आणि चालवली, तर पुलापर्यंत पोचायच्या आत काटा लालमध्ये.

"ट्रॉलीचा ब्रेक चिकटला असेल," मी म्हटलं.

"तेच वाटतंय." त्याने जॅक लावून ट्रॉलीचं एकेक चाक उचललं, हाताने फिरवलं. चाकं बोटाच्या धक्क्याने भिरभिरली. मग त्याने चाकाच्या मध्यभागी तळवा ठेवला, आणि झटकन काढला.

"काय झालं? चटका बसला?"

"नाय…" तो हात पँटला पुसत राहिला. "चिकटलेल्या ब्रेकनं हे तापायला पायजे. हात लावून बघा."

मी लावला. बर्फासारखं थंड होतं. आणि ओलं.

आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता उभे राहिलो. धुकं खाचरांवरून रस्त्यावर येत होतं. कुठेतरी लांब आगगाडीची शिटी वाजली आणि धुक्यातच विरली. मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं, की करपलेल्या तेलाच्या वासावर दुसरा एक वास चढलाय. सोनचाफ्याचा. गच्च, गोड, देवघरात दार लावून घेतल्यावर येतो तसा. आणि झाडावर तर एक कळीही नव्हती.

"गाडी फिरवा," जितेश हळूच म्हणाला. "उलट माहीमकडे घेऊन बघूया."

मी फिरवली. तोच रस्ता, तीच ट्रॉली, तेवढाच वेग. व्हॅन पिसासारखी निघाली. मी पाय जवळजवळ काढून घेतला होता, तरी ती जात होती. काटा खाली उतरला, एकट्या व्हॅनला होता त्याच्याही खाली.

"थांबवा," जितेश म्हणाला. "आता परत पालघरकडे."

परत पालघरकडे तोंड केलं, आणि व्हॅन पुन्हा जड. आता नुसतं ओझं नव्हतं ते. एखादं हट्टी माणूस उंबऱ्याला पाय लावून मागे ओढतं ना, तसं. सोडायचं, परत धरायचं. इंजिन दर धरण्याबरोबर दबत होतं.

"गाडीत दोष नाय," जितेश म्हणाला. "हिला मागनं कुणीतरी…"

मागच्या सीटवरून गोदूबाई शांतपणे म्हणाली, "तिला कुणी इचारलंच नाय ना."

मी आरशात पाहिलं. ती दार उघडत होती.

"आपण सगळ्यांनी निघायचं ठरवलं. तिला कुणी सांगितलं? उपटली, बांधली आणि चालवली. कोण येईल असं?"

"गोदू, खाली नको उतरू," धर्माजीकाका म्हणाले. त्यांनी तिचा हात धरला. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, जुनं दुःख वर आलं असेल. "राहू दे. झाड इथंच ठेवू. गोदू… ऐक माझं. नको नेऊस त्याला."

"तुमी गप ऱ्हावा," ती म्हणाली, अगदी मायेने, आणि हात सोडवून उतरली.

जितेशने आधार दिला तशी ती ट्रॉलीवर चढली. मुळांच्या गोळ्याला टेकून बसली. गोणपाटावरून हात फिरवू लागली, तान्ह्याला थोपटतात तसा. ती काय बोलत होती ते धुक्यातून तुटक तुटक येत होतं.

"चल गो बाय… हितं आता कुणी नाय राहणार… रस्ता येतो… मी हाय ना… माझ्या घरात ऱ्हा… माझ्याजवळ निज…"

मग ती गप्प झाली. कान देऊन ऐकावं तशी.

सगळं फार शांत झालं होतं. आणि त्या शांततेत ट्रॉलीची स्प्रिंग करकरली. कुणी पाय देऊन वर चढलं की करकरते तशी. ट्रॉली एका बाजूला किंचित कलली आणि पुन्हा सरळ झाली. गोदूबाई मात्र जागची हलली नव्हती.

"चला," ती हसून म्हणाली. "येते म्हणते."

मी गाडी सुरू केली. पाय टेकवला आणि व्हॅन निघाली. पूल आला, गेला. काटा हळूहळू खाली येऊन स्थिर झाला. जितेश मोटारसायकलवर मागून येत होता, पण बराच अंतर राखून. धर्माजीकाका माझ्या मागे डोळे मिटून बसले होते, ओठ हलत होते. पालघर मागे पडलं, दिवे लागायला लागले, बोईसरच्या बाजूचा कारखान्यांचा उजेड धुक्यात केशरी होऊन पसरला होता. मी स्वप्नात चालवल्यासारखी चालवत होते. चाफ्याचा वास केसांत, पदरात, जिभेवर.

एकदाच मी मागच्या आरशात नीट पाहिलं. गोदूबाई ट्रॉलीवर डुलत बसली होती. तिचा एक हात बाजूला पसरलेला होता. पण तो मुळांच्या गोळ्यावर टेकला नव्हता. वर होता, अधांतरी, वाकलेला. आपल्याहून उंच माणसाच्या खांद्यावर हात टाकून बसावं तसा. पुन्हा मी आरशाकडे पाहिलं नाही.

कुंभवलीत चाफा नीट लागला. भावेशने पाणी घातलं, गोदूबाईने हळदकुंकू वाहिलं. मी घरी गेले आणि दोन दिवस तापाने पडून होते.

पुढे होळीच्या सुमारास मी झाड बघायला गेले. हलवलेलं झाड धरलं का, हे बघायला मी नेहमीच जाते. सकाळची वेळ होती, लख्ख ऊन. चाफा बघून मी थक्क झाले. इतक्या जुन्या झाडाने इतक्या लवकर पालवी धरलेली मी कधी पाहिली नव्हती. गोदूबाई अंगणात तांदूळ निवडत होती. अंगावर मांस आलं होतं, चेहऱ्यावर तेज होतं. मला चहा दिला, पोटभर गप्पा मारल्या. इथे करमतं का विचारलं तर म्हणाली, "आता काय, सोबत हाय ना."

निघताना धर्माजीकाका व्हॅनपर्यंत आले. ते मात्र निम्मे झाले होते. गालाची हाडं वर आलेली. त्यांनी दाराला हात लावला आणि तसाच ठेवला.

"बाय, एक बोलू? घरात कुणाला सांगता येत नाय."

"बोला ना, काका."

"आमची पोर चाफ्याखाली नाय."

मला आधी कळलंच नाही.

"माझ्या आयेनं वाडीत पुरू दिली नाय. मी किनाऱ्यावर नेली, सुरूच्या बनात. माझ्या हातानं. गोदू बाळंतीण, अंगात ताप. रडून रडून मरायला टेकली होती. म्हणून मी म्हटलं, चाफ्याखाली ठेवलीय, तुझ्या डोळ्यासमोर. तिनं इश्वास ठेवला. जन्मभर तिथं दिवा लावला, खाऊ ठेवला, बोलत बसली."

"मग काका… त्या दिवशी… ट्रॉलीवर…"

"मला ठावं नाय," ते म्हणाले. त्यांचे डोळे घराच्या दाराकडे लागले होते. "चाफा आमच्या आधीचा. वाडी घेतली तवा पण होता. त्याच्या मुळात कोण होतं, ते मला ठावं नाय. पण गोदूनं घरात बोलावलं… आता ती निजते तिथं, तिच्या अंथरुणात जागा सोडते. आणि सकाळी बगावं तर जागा दबलेली असते. एवढी." त्यांनी हात पसरून दाखवलं. ते तान्ह्या लेकराचं माप नव्हतं. मोठ्या बाईचंही नव्हतं. ते त्यांच्या पसरलेल्या दोन्ही हातांत मावत नव्हतं.

"काकींना सांगा," मी म्हटलं. "सांगायला हवं."

"सांगून? सोबत हाय म्हणून ती जगते. आणि सांगितलं, तर ऐकणारी ती एकटी नाय."

तेवढ्यात गोदूबाई पिशवी घेऊन अंगणातून आली. माझ्यासाठी पापड्या बांधल्या होत्या. काकांनी दारावरचा हात काढला. तिने पिशवी माझ्या हातात दिली, आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि गोड हसली.

"हे काय सांगत होते ते मला म्हाईत हाय," ती म्हणाली. मग माझ्या कानाशी येऊन, गुपित सांगावं तशी कुजबुजली, "तिनंच सांगितलं मला, पयल्याच राती. म्हणाली, मी तुझी पोर नाय… पण चालंल."