गंगाकाकीचा सांगावा

पोरांनो, कंदील जरा खाली घ्या, डोळ्यांवर येतोय. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. ही गोष्ट काशिरामची, मिठागरावरच्या माझ्या जोडीदाराची. त्यानं सांगितली तशीच सांगतो.

साल एकोणीसशे त्रेपन्न, पौषातल्या अवसेचा आदला दिवस. पनवेलला खाडीच्या अंगाला राहणारी काशिरामची गंगाकाकी दुपारी गेली. आईमागं तिनंच त्याला वाढवलेलं. जाताना एवढंच म्हणाली, "चंद्री आल्याबिगर मला उचलू नका. तिच्या हातचं पानी पायजे." चंद्रावती तिची एकुलती लेक, खाडीपलीकडे उलव्याला दिलेली. लगेच शेजारपाजार गोळा झाला. कुणी बांबू आणले, कुणी आपल्या चुलीवर सगळ्यांसाठी पेज ठेवली. सांगावा घेऊन निघाला काशिराम. रीत माहीत आहे ना? मरणाचा सांगावा नेणारा उंबऱ्याच्या आत जात नाही, त्या घरचं पाणी पीत नाही. अंगणातूनच सांगायचं आणि माणसाला सोबत घेऊन परतायचं.

तिन्हीसांजेला ओहोटी होती, खाडी चालत ओलांडता आली असती. पण वाटेत दादूची झोपडी. दारूबंदीचे दिवस, म्हणून तर तिथं गर्दी! काशिरामचा जीव काकीच्या आठवणीनं कासावीस झालेला. एक घोट घेऊ म्हणून बसला, तो तिथंच आडवा झाला. जागा झाला तेव्हा मध्यरात्र उलटलेली, खाडी तुडुंब. उशाशी ठेवलेली काठीही नव्हती. काकीनंच त्या काठीच्या मुठीला लाल चिंधी बांधून दिली होती.

"मना काय म्हायत?" दादू म्हणाला. "कोनी नेली आसल."

तो तसाच मागं फिरला. घरी माणसं मढ्याभोवती ताटकळत बसलेली. "चंद्री कुठं हाय?" कुणीतरी विचारलं. खरं सांगायला काशिरामची जीभ रेटेना.

"सांगितलं तिला. पोर आजारी हाय. तिला येवाला नाय जमत."

सकाळी काकीला उचललं. लेकीऐवजी तिच्या तोंडात पाणी त्यानंच घातलं. ते ओघळून मानेवर आलं आणि काशिरामला स्वतःची किळस आली.

संध्याकाळी शेजाऱ्यांनी कडू घास आणला, सुतकाच्या घरी चूल पेटत नाही ना. निदान आता तरी चंद्रीच्या पाया पडून खरं सांगावं, म्हणून तो पानावरून उठला आणि ओहोटीचा चिखल तुडवत निघाला.

उलवं आलं. अंधार मिट्ट. एकही कुत्रं भुंकलं नाही.

चंद्रावतीच्या दारात दिवा होता. ती ओट्यावर बसलेली. बाहेर जायचं लुगडं नेसून. मांडीवर गाठोडं.

तो अंगणातच थांबला. "चंद्रे..."

"किती उशीर केलास, दादा. आई गेली ना?"

काशिरामनं डोईचं मुंडासं काढून हातात घेतलं.

"काल मध्यराती एक बाई आली व्हती. तोंडावर पदर. आत ये म्हटलं, नाय आली. पानी दिलं, नाय घेतलं. म्हनाली, 'गंगा गेली. तू एकटी निघू नको. काशिराम येईल न्यावाला, त्याच्यासंगं ये.' खाडी भरलेली, कशी आली देव जाने."

"मग...?"

"मग काय? सकालची ओहोटी लागली. आमचा मानूस म्हनाला, चल. मी म्हटलं, नाय. दादा येनार हाय. तवापासून बसलेय."

तिनं गाठोडं काखेत घेतलं. उठली.

"थांबलेत ना माझ्यासाठी? आईला उचलली नाय ना?"

काशिरामनं तिचं गाठोडं घ्यायला हात पुढं केला.

"बरं, ती काठी घे," ती म्हणाली. "बाई इसरून गेली. वाटेत कुनाला तरी ईचारू, कुनाची ती."

काठी दाराला टेकून उभी होती. तिला हात लावायच्या आधीच त्यानं ती ओळखली. अख्खा दिवस उन्हात राहिली होती ती. तरी मुठीवरच्या लाल चिंधीतून खाडीचं पाणी ठिबकत होतं.