आईच्या आवाजातलं वाक्य

दुकानांतून दुकानदार नाहीसे होऊन वीस वर्षं झाली होती. मथुरा काळे साबण घ्यायला आत शिरली, तेव्हा तिच्याकडे बघणारं कुणीच नव्हतं. तरी तिनं दोन्ही तळवे उघडून समोर धरले. मानेवर चिकटवलेली पट्टी टिकटिकली.

ती पट्टी म्हणजे अंतर्ध्वनिलेखक. माणूस मनातल्या मनात बोलतो तेव्हाही त्याच्या कंठाचे स्नायू किंचित हलतात. ती हालचाल वाचून पट्टी मनातलं वाक्य टिपते आणि त्याच क्षणी रक्तवाहिन्या किती आवळल्या तेही नोंदवते. सत्तेचाळिसाव्या वर्षी मथुराचा रक्तदाब कुठल्याच गोळीला दाद देईना, म्हणून डॉ. वैजयंती लिमये यांनी ती महिनाभर लावायला दिली होती.

महिन्यानंतर डॉक्टरांनी आलेख समोर ठेवला.

"मथुराताई, या महिन्यात तुमचा कुणी अपमान केला?"

"दोनदा. नव्या शेजाऱ्यांनी आडनाव ऐकून गाव विचारलं, मग जात. आणि एकदा ऑफिसात."

"दोन्ही वेळा दाब चढला आणि तासाभरात उतरला. पण हे एक वाक्य तुम्ही रोज शंभरेक वेळा स्वतःला म्हणता. घरी एकट्या असतानाही. त्यानं तुमच्या रक्तवाहिन्या सत्तरीच्या झाल्यात."

पडद्यावर लिहिलं होतं : हात दिसू दे गं, मथे.

मथुरानं त्या वाक्यावर बोट ठेवलं. "हे माझं नाही, आईचं आहे. आम्ही पारधी. बाजारात काही हरवलं की पहिल्यांदा आम्हालाच धरायचे. दुकानाच्या पायरीवर ती रोज हे म्हणायची. मार खाऊ नये म्हणून."

"तेव्हा त्यानं तुम्हाला वाचवलं असेल. आता ते तुम्हाला मारतंय." डॉक्टरांनी उपाय समजावला. त्याला स्वरशमन म्हणत. वाक्य उमटू लागलं की पट्टी सौम्य स्पंद सोडते. तीन आठवड्यांत मेंदूतली त्याची वाट बुजते.

"आणि आईचा आवाज?"

"तोही जाईल. वाक्य आणि आवाज वेगळे काढता येत नाहीत. कुठे ध्वनिमुद्रण आहे त्यांचं?"

"पालावर राहायचो आम्ही, डॉक्टर. फोटोसुद्धा एकच आहे."

मथुरानं चार दिवस घेतले. विचारायला घरात कुणी नव्हतं. शेवटी जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी आली, कठडा धरून ती खाली बसली, आणि दुसऱ्याच दिवशी तिनं होकार कळवला.

तीन आठवड्यांनी दाब उतरला. झोप लागू लागली. बागेतल्या बाकावर ती पहिल्यांदाच पाय पसरून बसली आणि कुणी उठवील असं तिला वाटलं नाही. त्या आनंदात आईला काहीतरी सांगावंसं वाटून तिनं डोळे मिटले. आईचा चेहरा आला. ओठ हलले. आवाज आला नाही.

तिनं बार्शीला भावाला फोन लावला.

"दादा, आई मला हाक कशी मारायची?"

"अशी काय विचारतेस? मथेऽ म्हणायची. शेवटी जरा ओढून."

"म्हणून दाखव ना. तिच्यासारखं."

दादानं घसा खाकरला आणि दोनदा हाक मारली. मथुरा कान देऊन ऐकत राहिली. एक म्हातारा होत चाललेला पुरुष कुणाला तरी बोलावत होता.

"आली का आठवण?" दादानं विचारलं.

"आली," ती म्हणाली, आणि फोन ठेवला. मनगटावर बोटं टेकवली. नाडी अगदी संथ होती.