वेण्णारच्या पुलावर थांबलेली गाडी

"वैनी, गाडी वेण्णारच्या पुलावर मेली. ओढून शेडात आणतों आहे. तुम्ही लगेच या."

फोन मुरलीकृष्णाचा होता. मुरली म्हणजे वसुमतीचा धाकटा दीर, तंजावुरच्या मराठी लोकांतला, लग्नाच्या जेवणावळी करणारा. वसुमतीनं "बरं" म्हटलं आणि चपला घातल्या.

नवरा राममूर्ती गेल्यापासून ती सगळ्यालाच बरं म्हणत होती. जेवायला या म्हटलं, बरं. खोली बदला म्हटलं, बरं. त्याला दुःख म्हणावं तर तेही नव्हतं. दाताच्या डॉक्टरानं सुई टोचल्यावर गाल आपला राहत नाही, तशी ती अख्खीच झाली होती. मुरलीची बायको कॉफी आणून देई, ती पिऊन टाकी. साखर आहे की नाही हे तिला कळत नसे.

पण गाड्या तिला कळत. विमा कंपनीसाठी अपघाताच्या गाड्या तपासण्यात तिचा जन्म गेला होता. "वसुमतीअम्मा म्हणतील तो भाव," असं अजूनही लोक म्हणत. तिरुवैयारूची लावण्या परवा हेच म्हणाली होती.

लावण्याचा नवरा त्यागराज केळीची पानं वाहायचा. दीड वर्षापूर्वी त्यानं इलेक्ट्रिक पिकअप घेतला, आणि यंदा दसऱ्यानंतर थोड्याच दिवसांनी छातीत कळ येऊन तो गेला. मागे एक गाडी आणि कॉलेजातली मुलगी. गाडी चांगल्या भावात गेली तर मुलीचं कॉलेज चालू राहणार होतं, नाहीतर शिक्षण संपलं.

मुरलीला गाडी हवी होती. पोंगलचा तै महिना तोंडावर आला होता, लग्नं उभी होती, आणि जुन्या डिझेल व्हॅननं मान टाकली होती. "मंगळवारपासून ट्रायलला ठेवून घेतली आहे," त्यानं सांगितलं होतं. "फक्त बॅटरीची शंका आहे. वैनी बघतील आणि सांगतील."

राजवाड्यामागच्या गल्लीतल्या शेडात गाडी उभी होती. तिच्या शेजारची जागा रिकामी होती. एरवी तिथं रंगरावाची तशीच, पण फार जुनी, गावाच्या कडेला करंतैपर्यंतच पोचणारी गाडी असे. रंगराव पाण्याचे कॅन पोचवायचा आणि मोठ्या लग्नाला मुरलीची भांडीही वाहायचा.

लावण्या भिंतीशी उभी होती. तिला निरोप गेला होता. डोळे सुजले होते, पण ती रडत नव्हती.

वसुमतीनं प्रश्न सुरू केले. तिचा आवाज हवामानाची बातमी सांगावी तसा सपाट होता.

"मुरली, सकाळी चार्जिंग किती होतं?"

"पूर्ण. रात्रभर लावलेली होती."

"ओझं किती होतं?"

"रिकामी होती. एक पातेलंसुद्धा नव्हतं."

"आणि वेण्णारपर्यंतच गेली?"

"तेच तर सांगतों! तिरुवैयारूपर्यंत पाच नद्या, ही दुसरीलाच बसली. परवाही असंच झालं. यांनी सांगितलं होतं कुंभकोणमला जाऊन परत येते. कुठलं कुंभकोणम!"

"बॅटरीचा डबा उघडून बघितलास?"

"छे! मी स्वयंपाकी माणूस. त्याला हातही लावला नाही."

वसुमती लावण्याकडे वळली. पुढचं बोलणं तमिळमध्ये झालं.

"त्यागराज खरंच कुंभकोणमला नेत असे?"

"दर आठवड्याला, अम्मा. मी स्वतः दोनदा शेजारी बसून गेले आहे." मग तिचा आवाज खाली गेला. "पण वाटेत चार्ज करत असतील. मला न सांगता. आता काय खरं मानायचं?"

"दुरुस्ती कधी झाली?"

"कधीच नाही."

"झाकण कोणी उघडलं होतं?"

"एकदाच. यंदाच्या आयुध पूजेला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. यांच्या गाडीला इंजिन नाही, मग पूजा कशाची करायची? म्हणून यांनी झाकण काढून बॅटरीचीच पूजा केली. आम्ही हसलो होतो." फोन काढून तिनं फोटो दाखवला. त्यागराज गुडघ्यावर बसला होता आणि हसत होता. वसुमतीनं फोटो बोटांनी मोठा केला, बराच वेळ पाहिला आणि फोन परत दिला.

मग साडीचा पदर खोचून ती गाडीच्या बाजूला वाकली. झाकणावर धुळीचा थर होता, पण चारही बोल्टांची डोकी पान्याच्या ओरखड्यांनी चकाकत होती. तिनं पाना मागितला. मुरलीनं तो जरा उशिरानंच दिला.

झाकण निघालं. आतल्या बॅटरीवरची नंबराची पट्टी घासून गेलेली, वाचता येईना. कंपनीला विचारायचं तर उत्तर यायला सोमवार उजाडणार. बॅटरीच्या मधोमध मात्र चंदनाचा टिळा होता, आणि त्यात दोन लाल तांदूळ चिकटले होते.

"बघा, पूजेचं आहे अजून," मुरली पटकन म्हणाला. "वैनी, बॅटरी संपलेली आहे, एवढं यांना सांगा. तरी मी घेतों. भंगारापेक्षा थोडा जास्त भाव देतों. बाई एकटी आहे, आपलाही धर्म आहे."

ती बरं म्हणेल याची त्याला खात्री होती. लावण्यानंही मान खाली घातली होती.

वसुमती म्हणाली, "रंगरावाला फोन लाव. आवाज मोठा ठेव."

"त्याला कशाला?"

"लाव म्हटलं ना."

मुरली हलला नाही. तेव्हा तिनंच आपल्या फोनवरून लावला आणि आवाज मोठा केला.

"रंगराव, कुठं आहांत?"

"आत्ताच कुंभकोणमहून आलों, अक्का! करंतैला चहा घेतों आहे."

"तुमची गाडी करंतैच्या पुढं जात नव्हती ना?"

"तीच तर गंमत! मुरलीनं बुधवारी बॅटऱ्या बदलून बघूं म्हटलं. दोन-चार दिवसांपुरतं. नवीन बॅटरी काय धावते, अक्का! जाऊन आलों तरी अर्धी शिल्लक आहे. त्याला नका सांगूं, नाहीतर लगेच काढून घेईल."

"झाकण उघडून सांगा, बॅटरीवर काय लावलं आहे?"

थोडा वेळ फक्त रस्त्याचा आवाज येत राहिला. मग रंगराव म्हणाला, "विभूतीचे, भस्माचे तीन पट्टे, अक्का. मधे कुंकू. का हो?"

वसुमतीनं फोन बंद केला.

"मुरली, तू फसलास कुठं, सांगूं? ही बाई शिवाच्या घरची. फोटोत त्यागराजानं विभूतीचे तीन पट्टे ओढले आहेत. या बॅटरीवर आहे चंदन, आणि वर अक्षता. त्यांच्या घरी अक्षता असत्या तर हळदीच्या पिवळ्या असत्या. कुंकवात तांदूळ लाल करणारी आपण मराठी माणसं. तुझ्या शेडात नवी शेगडी बसवली तरी टिळा आणि लाल अक्षता लागतात. परवा बॅटरी बसवतानाही हात आपोआप गेला. पाप करतानासुद्धा पूजा सोडली नाहीस."



"त्यात ती पूजा दसऱ्याची," ती सांगत राहिली. "इतके महिने रस्त्याच्या धुळीत आणि उंदरांच्या शेडात तांदूळ टिकतात? हा टिळा दोन दिवसांचा आहे. डब्याला हात लावला नाहीस म्हणतोस, मग बोल्ट कोणी चकाकवले? रंगरावाची मेलेली बॅटरी इथं घातलीस, नंबर घासलास आणि गाडी पुलावर बंद पाडून मला बोलावलंस. मी 'संपली' म्हणायचं, हिनं भंगाराच्या भावात द्यायची, आणि सौदा झाला की खरी बॅटरी परत आत. लबाडी तुझी, शब्द माझा."

"वैनी..." मुरली खाली बसला. "व्हॅन गेली. पुऱ्या भावाला माझ्याकडं नाही. लग्नं हातची गेली तर आपण सगळे काय खाऊं? दादा गेल्यापासून घर मीच ओढतों आहे. मला वाटलं, तुम्हाला..."

"मला काही कळणार नाही, असंच ना?"



आता राग यायला हवा, असं वसुमतीला वाटलं. तिनं वाट पाहिली. राग आला नाही, सगळं तसंच बधिर राहिलं. तिनं लावण्याला तमिळमध्ये शब्दन् शब्द सांगितला, दिराचं नाव घेऊन. घरचं माणूस म्हणून एक अक्षर गाळलं नाही.

"गाडी ठणठणीत आहे. बॅटरी संध्याकाळच्या आत परत बसेल, मी समोर उभी राहीन. याला विकू नकोस. गिऱ्हाईक मी बघून देते, पुऱ्या भावाचं."

मुरली रागावेल, रडेल, काहीतरी करील असं वाटत होतं. तो उठला आणि रंगरावाला आणायला गल्लीतून निघून गेला, पायांत चपलासुद्धा न घालता.

लावण्यानं मुरलीला शिव्या दिल्या नाहीत. भावाबद्दलही विचारलं नाही. ती रिकाम्या पिकअपच्या मागच्या फळीवर बसली.

"परवा तुमचे दीर म्हणाले गाडी चालत नाही, तेव्हापासून मी माझ्या नवऱ्यावर चिडले होते, अम्मा," ती म्हणाली. "मला खोटं सांगून गेले, असं वाटलं. दोन दिवस खूप बोलले त्यांना, मोठ्यानं. मेलेल्या माणसाला. आणि त्यांनी सगळं खरंच सांगितलं होतं."

वसुमती तिच्याकडं बघत राहिली. गेलेल्या माणसावर चिडता येतं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. राममूर्ती सकाळी आंघोळीला म्हणून उठला आणि मोरीच्या दाराशी कोसळला, एक शब्द न बोलता. बँकेचं काही सांगितलं नाही, मुरलीच्या अडचणीचं सांगितलं नाही, येतों म्हटलं नाही. इतके महिने ती त्यालाही नुसतं बरं म्हणत होती.

"मी अजून रागावलेच नाही," ती म्हणाली.

"मग रागवा, अम्मा," लावण्यानं सरकून जागा केली.

वसुमती तिच्या शेजारी बसली. "असं कोणी जातं का?" ती मराठीत म्हणाली, आधी हळू आणि मग अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं. लावण्याला शब्द कळले नाहीत, पण तिनं वसुमतीचा हात घट्ट धरून ठेवला, आणि राममूर्ती गेल्यानंतर वसुमती पहिल्यांदा रडली.