हातात धरून वाजवू नये

माझी जुनी सायकल आणि माझी मांडी एकाच दगडावर मोडली. दादाने मला पाठीवर घेऊन डोंगर उतरवला आणि खाली टेकल्या टेकल्या फर्मान काढलं, "आजपासून सायकल बंद."

"तू कोण सांगणारा?" मी स्ट्रेचरवरून विचारलं.

हाड जुळेपर्यंत मी पलंगावर पडून कार्बनच्या फ्रेमचा नुसता कीस काढला. वजन, नळ्यांचे कोन, नकली माल कसा ओळखायचा, सगळं. शेवटी परदेशातल्या एका छोट्या कारखान्याची फ्रेम मागवली. दादाने अट घातली. कार्बनला आतून तडा असेल तर नाणं मारल्यावर तिथे बद्द वाजतं. एक जरी जागा तशी निघाली, तर फ्रेम परत आणि माझा नादही संपला. मी म्हटलं, चालेल. माझा अभ्यास पक्का होता.

खोकं सायकलवाल्याच्या दुकानात फोडलं. फ्रेम काळी, हाताला गार आणि दोन बोटांवर उचलावी इतकी हलकी. एका हाताने ती उभी धरून मी दुसऱ्या हाताने नाणं मारत गेले. टण, टण, टण. खालच्या नळीच्या मधोमध, ढप्.

बोटभर जागा. ना ओरखडा, ना चीर.

"ताई, द्या इकडे." सायकलवाल्याने ती धरली, मी वाजवली. आता तीच जागा खणखणीत! बद्द आवाज आला तो पुढे, हँडल बसतं तिथे. त्याने नकळत मनगट चोळलं. ते लहानपणी मोडलं होतं म्हणे. माझी मांडीही मधोमधच मोडली होती.

कारखान्याला व्हिडिओ पाठवला. लगेच उत्तर आलं. फ्रेम टेबलावर ठेवून वाजवावी, हातात धरून वाजवू नये. का, असं मी विचारलं. त्याचं उत्तर आलं नाही.

टेबलावर ठेवली तर अख्खी फ्रेम स्टीलच्या वाटीसारखी वाजली. मी जिंकले होते.

तेवढ्यात बाहेर बूट वाजले. दादाचे कामावरचे, लोखंडी टाचांचे. तो कोपऱ्यावर असतानाच ते ऐकू येतात.

"टेबलावर ठेवून कसली वाजवतेस? लबाड कुठली." त्याने फ्रेम उचलून छातीशी धरली. "हं, मार नाणं."

"ठेव ती खाली."

"का, तंतरली?"

मला कोणी भित्री म्हटलं की माझं डोकंच फिरतं. मी नाणं मारलं.

ढप्.

वर मारलं, मागे मारलं. ढप्. ढप्. एकही जागा खणखणीत वाजेना.

सायकलवाल्याने पंखा बंद केला. माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

"अख्खीच भिकार निघाली की," दादा हसला. "पाठव परत."

"ती परत जाणार नाही," मी म्हटलं. "आणि तूही कुठे जाणार नाहीस."

"अगं, मी कामावर चाललोय." फ्रेम ठेवून तो निघालासुद्धा.

नाणं टाकून मी दुखऱ्या पायाने त्याच्यामागे धावले आणि त्याचा दंड घट्ट धरला. ज्याने मला डोंगरावरून खाली आणलं, त्याला मी असा सोडणार नव्हते. कोण नेतं तेच बघते.

"आज कामबिम नाही. घरी चल."

"बरं बाई, चल."

आम्ही चालू लागलो. गल्लीत दुसरं कोणी नव्हतं. फक्त माझ्याच चपला वाजत होत्या.