शेवटी येईल तिने गेट लावायचं

"तुम्हाला इथे कंटाळा नाही का हो येत?"

हा प्रश्न विचारायची पैज शाल्मली आणि अंजूने लावली होती, आणि मिताली दुकानात शिरून तो खरंच विचारून बसली. वर्षभरापूर्वी हजेरीला "येस मिस" म्हणतानाही तिचा आवाज शेजारच्या बाकापर्यंत पोचायचा नाही. आता मात्र तिला वाटत होतं, कुणीही कुठेही उभं करावं, आपण बोलू.

हॅलोरन्स रिज हे गाव म्हणजे आठ घरं, चुनखडीच्या दगडाचं एक चर्च, आणि पोस्ट, पेट्रोल, खिम्याची पाई असं सगळं एकाच काउंटरवर विकणारं हे दुकान. काउंटरमागच्या म्हाताऱ्याने चष्मा काढून पुसला.

"कंटाळायला वेळ कुठाय?" तो इंग्रजीत म्हणाला. "गेटं असतात ना. माझे गुडघे गेले, हल्ली तीच बघते सगळी. सायकलवाल्या पोरी आल्या की खूश असते."

ती कोण, हे विचारायचं राहूनच गेलं, कारण दाराबाहेर कान देऊन उभ्या शाल्मलीशेजारी अंजू तोंडावर ग्लव्ह दाबून फिदीफिदी हसत होती.

क्वेकर्स हिल या उपनगरातल्या घरात मितालीच्या भिंतीवर फ्रान्समधल्या चुनखडीच्या पठाराचा नकाशा होता. पांढरे खडीचे रस्ते आणि त्यांवर मण्यांसारखी ओवलेली मध्ययुगीन गावं. शाळा संपली की तिथे जायचंच होतं. त्याआधी जानेवारीत पाच दिवस सायकलने फिरायचं, तिघींनीच, तंबू घेऊन, आईबाबांची गाडी मागे न घेता. तिचे बाबा यतिन सॉफ्टवेअरमधले. त्यांच्यासाठी टेस्टिंगशिवाय काहीच लाइव्ह जात नसे. म्हणून सप्टेंबरच्या सुट्टीत ही परीक्षा: गोलबर्नच्या पलीकडचं पठार, अडतीस किलोमीटर, बारा गेटं, दुपारी तीनला पलीकडच्या टोकाला हजर.

"रस्ता मेंढ्यांच्या फार्ममधून जातो," बाबांनी निघताना पुन्हा बजावलं होतं. "परवानगीसाठी चार ईमेल केलेत मी. सगळी गेटं बंद असतात, आपल्यामागेही बंदच राहायला हवीत. एक जरी उघडं राहिलं, तर जानेवारी कॅन्सल."

"आणि डबा खाल्ला नाहीत तरी कॅन्सल," आई म्हणाली होती.

तिघींची पद्धत ठरलेली होती. मितालीने पुढे जाऊन गेट उघडायचं, मधून अंजू, आणि शेवटी येणाऱ्या शाल्मलीने साखळी अडकवून ओरडायचं, "लागलं!" अंजू घरी हिंदी बोलायची, पण हा शब्द तिनेही उचलला होता.

पहिली तीन गेटं झकास गेली. ऊन कोवळं होतं, रस्ता पिठासारखा पांढरा. दोन्हीकडे गवतातून राखाडी दगडांचे सुळके वर आले होते, आणि जिथे जमीन खचली होती तिथे तारेचं कुंपण. मेंढ्या मान वर करून बघायच्या आणि पुन्हा चरायला लागायच्या. मिताली मोठ्याने गात होती, सूर चुकवत, मजेत.

चौथ्या गेटवर मॅगपाय आला. इथल्या वसंतात, म्हणजे सप्टेंबरात, हे पक्षी पिल्लांपायी माणसाच्या डोक्यावर झेपावतात; त्यासाठीच तिघींच्या हेल्मेटवर प्लॅस्टिकच्या पट्ट्या साळिंदरासारख्या उभ्या होत्या. काही उपयोग झाला नाही. तिघी किंचाळत, हसत, मान खाली घालून सुसाट सुटल्या. अर्ध्या किलोमीटरवर मितालीने करकचून ब्रेक दाबला.

"शाल्मली, गेट?"

"मला वाटलं अंजूने लावलं."

"मैं? मी तर तुझ्याही पुढे होते, यार!"

मिताली एकटीच मागे गेली. मेंढ्या रस्त्यावर आल्या असतील, दोन फार्मांच्या मिसळल्या असतील, बाबांचा तो शांत चेहरा...

गेट बंद होतं. साखळी खांबाला दोन वेढे देऊन आकड्यात नीट बसवली होती. शाल्मली एकच वेढा द्यायची. मितालीने साखळीला हात लावला, तर बोटं ओशट झाली. ओल्या लोकरीचा वास आला. आजूबाजूला मेंढी नव्हती.

"लावलंय कुणीतरी!" ती परत येऊन म्हणाली. तिला इतकं हायसं वाटलं होतं की कुणी, याचा विचारच आला नाही.

"फार्मवाला असेल."

"दिसला नाही कुणी."

"मग वाऱ्याने," अंजू म्हणाली.

"वारा आकडा लावतो?"

तिघी हसल्या. जरा उशिराच हसल्या.

सातव्या गेटनंतर चुन्याच्या जुन्या भट्ट्या लागल्या. भिंतीच्या सावलीत बसून त्यांनी मेथीचे पराठे खाल्ले. सातवं गेट शाल्मलीने लावलं होतं, दोघींनी डोळ्यांनी बघितलं होतं, एक वेढा आणि "लागलं!" पाठीमागे रस्ता दोन किलोमीटर सरळ दिसत होता. रिकामा.

खळ्, खळ्. साखळी सुटल्याचा आवाज आला. मग पुन्हा खळ्, खळ्, आणि आकड्याचा टक.

अंजूने हातातला पराठा गुंडाळून डब्यात ठेवला.

"माझा एकच वेढा होता," शाल्मली हळू आवाजात म्हणाली. "तिला आवडला नसेल."

"तिला? कोणाला?"

"तो दुकानवाला म्हणाला ना, तीच बघते म्हणून."

विचित्र गोष्ट म्हणजे मितालीला भीती वाटली नाही. लहानपणी सायकल शिकताना सीटला मागून कुणीतरी धरलंय, तसं काहीसं वाटलं.

नवव्या आणि दहाव्या गेटला शाल्मलीने आपणहून दोन वेढे दिले. मागे कसलाच आवाज आला नाही.

अकराव्याला घोटाळा झाला. त्याआधी अंजूचं टायर पंक्चर झालं आणि वीस मिनिटं गेली. अकराव्या गेटचा आकडा गंजलेला होता. उघडताना निघाला, पण परत बसेना. शाल्मलीने ओढलं, अंजूने दगडाने ठोकलं, मितालीच्या तळहाताची साल निघाली. सोडलं की गेट आपल्या वजनाने करकरत उघडायचं. उतारावर शंभरेक मेंढ्या उभ्या होत्या. सगळ्यांची तोंडं गेटकडे.

तीनला बारा मिनिटं होती.

"राहू दे," अंजू म्हणाली. "आपण इथेच थांबू. उशीर झाला तर झाला."

"मग जानेवारी गेला," शाल्मली म्हणाली.

"उघडं टाकलं तरी गेला."

मितालीने रस्त्याकडे बघितलं. रिकामा, पांढरा रस्ता.

तिने गेट सोडलं. सायकलवर बसली. मागे वळून न बघता, शाळेच्या स्टेजवर बोलते तशा स्पष्ट आवाजात ती इंग्रजीत म्हणाली, "आमच्याकडून होत नाहीये. तुम्ही लावाल का, प्लीज?"

"वेडी आहेस का तू?" शाल्मली कुजबुजली.

"चला. मागे बघू नका."

त्या निघाल्या.

दहा मीटर. वीस. चाकांखाली खडी चुरचुरत होती.

मागे गेट करकरलं.

मग थांबलं.

खळ्. खळ्.

टक.

आणि म्हाताऱ्या बाईचा आवाज, उन्हात वाळलेला, अनोळखी शब्दावर अडखळत, पण आनंदाने:

"लागलं!"

अंजू रडत होती की हसत होती, कळत नव्हतं. मितालीच्या अंगावर काटा होता आणि पाय कधी नव्हे इतके हलके झाले होते. तिघी शेवटचे तीन किलोमीटर एका दमात उडाल्या. पाठीमागे काहीच वाजत नव्हतं, पण लोकरीचा वास पाठ सोडत नव्हता.

बारावं गेट डांबरी रस्त्याला लागून होतं. पलीकडे गाडी उभी होती, बॉनेटवर थर्मास, आई हात हलवत होती. बाबांनी घड्याळ बघितलं. तीनला दोन कमी.

मितालीने उतरून गेट उघडलं आणि धरून उभी राहिली. अंजू बाहेर पडली. शाल्मली बाहेर पडली.

मितालीने गेट सोडलं नाही.

"अगं, लाव ना," बाबा म्हणाले. "कोणाची वाट बघतेस?"

वारा नव्हता. तिच्या दंडाला काहीतरी ओशट, उबदार घासून पुढे गेलं, गाडीच्या दिशेने. मागे दूर कुठेतरी मेंढ्या एकदम ओरडायला लागल्या.

तेव्हा तिने गेट ओढून घेतलं, साखळीला दोन वेढे दिले, आकडा बसवला आणि वळली.

"बाबा, आई, ठरलं," ती म्हणाली. "जानेवारीत आम्ही जाणार. चौघी."