बिनधुराची गाडी

बसा त्या स्टुलावर. जपून, तो एका बाजूनं डुगडुगतो. तुमच्या स्कूटरचा कार्बोरेटर भिजत घातलाय, तासभर तरी जाईल. मघाशी विचारलंत ना, जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकली मी हल्ली दुरुस्तीला का घेत नाही म्हणून? सांगतो. एकेकाळी मी दुसरं काही घेतच नव्हतो.

गेल्या वर्षी एका सकाळी माझी पुतणी टेम्पोत मोटरसायकल घालून घेऊन आली. ताडपत्री निघायच्या आधीच मी गाडी ओळखली. माझ्या धाकट्या भावाची. अकरा वर्षं भावजयीच्या मागच्या खोलीत झाकून पडलेली. पोरीला नुकतीच नोकरी लागली होती, उताराखालच्या कारखान्यात, आणि तिला बापाच्याच गाडीवरून जायचं होतं. तुमच्याशिवाय हिला कोण हात लावणार, म्हणाली. मी हसलो खरा, पण गाडी उतरवून घ्यायला पुढे झालो नाही.

का ते ऐका. या गाड्यांना ऑइल पेट्रोलमध्येच मापानं मिसळावं लागतं. तेच जळतं, म्हणून त्या निळा धूर सोडतात. ऑइल विसरलं की पिस्टन तापून फुगतो आणि पळत्या गाडीत सिलिंडरला चिकटतो. मागचं चाक जागच्या जागी आवळतं. आम्हा भावांची एक खूण होती. ज्यानं ऑइल घातलं, त्यानं टाकीच्या झाकणावर ऑइलचा अंगठा उठवायचा. खूण दिसली की दुसऱ्यानं विचारायचं नाही. त्या दिवशी मी पेट्रोल भरलं, तेवढ्यात फोन आला. बोलता बोलता झाकण लावलं आणि सवयीनं अंगठा उठवला. ऑइल घातलंच नव्हतं. भाऊ खूण बघून निघाला, उतारावरच्या वळणावर चाक आवळलं आणि तो जागीच गेला.

इंजिन मीच उघडलं. मीच गुपचूप नवा पिस्टन बसवला आणि सगळ्यांना सांगितलं की गडी बेफाम चालवत होता. अकरा वर्षं त्याची बायको त्याला दोष देत राहिली, आणि मी तिच्या घरी जाऊन चहा पीत राहिलो. काय म्हणायचं ते म्हणा मला.

तर, मी इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, खोललं. वाटलं होतं, फार तर गंज असेल. तो पिस्टन बसवल्यापासून एकदाही चालला नव्हता, माझ्याच हातचा होता. त्यावर उभे ओरखडे होते, ऑइलविना चाललेल्या पिस्टनवर पडतात तसे. ताजे, चकचकीत. उंदीर काही पिस्टन घासत नाहीत हो.

कुणाला बोलणार? मी पिस्टन बदलला, सिलिंडर घासून घेतला, मापानं ऑइल मिसळलं, झाकणावर अंगठा उठवला. सकाळी येऊन बघतो तर अंगठा नाही. टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढलं. पाण्यासारखं स्वच्छ. बोटांत चोळलं, चिकटपणा नावाला नाही. पुन्हा भरलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी भर दुपारी टाकीसमोर ठाण मांडून बसलो. शेडमध्ये माशीसुद्धा नव्हती. बघता बघता अंगठ्याची एकेक रेघ जायला लागली, खालून वर... सावकाश. आधी वास गेला, मग चमक, मग खूण. माझी पाचावर धारण बसली.

ही गाडी पोरीच्या हातात द्यायची नाही, एवढंच डोक्यात होतं. गेला तो गेला, पण तिला कसा जाऊ देऊ? पार्ट मिळत नाहीत म्हणून सांगितलं, तर तिनं चार ठिकाणी फोन करून पार्ट शोधले. बापासारखीच चिवट. शेवटी एक दिवस शटर अर्धं ओढलं आणि तिला सगळं सांगितलं. फोन, अंगठा, पिस्टन, सगळं. वाटलं, खरं सांगितलं तर ऐकेल.

तिनं टाकीच्या झाकणावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "आई अजून फोटोशी भांडते, काका. रोज."

मी टाकीकडे हात नेला, तो तिनं बाजूला सारला.

"आता या गाडीला तुमचा हात लागायचा नाही."

तिनं ऑइल आणलं, माझ्या डोळ्यांसमोर मापून घातलं, गाडी हलवून हलवून मिसळलं. माप चोख होतं. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. मी सायलेन्सरकडे बघत होतो. धूर नाही. एक रेघसुद्धा नाही. धूर बघ, धूर बघ, म्हणून ओरडत मी मागे धावलो. तिला वाटलं, काका पुन्हा काहीतरी बनाव करतोय. तिनं मान वळवली नाही.

तेव्हापासून ती रोज जाते. दुसऱ्या मेकॅनिकला पाठवलं तर तो म्हणाला, गाडी ठणठणीत आहे, काकांचे डोळे तपासा. भावजय दार उघडत नाही. उघडेल कशाला? माझ्या खरेपणाला आता कवडीची किंमत नाही, आणि ती मीच घालवली आहे. रोज संध्याकाळपर्यंत जीव टांगणीला.

गेल्या आठवड्यात ती पहिल्यांदाच माझ्या दारात थांबली. इंजिन चालूच होतं. आवाज मऊ होता, बऱ्याच दिवसांनी मला काका म्हणाली.

"काका, उतारावर गाडी मधेच जड होते. कुणीतरी मागून हलकेच ओढतंय असं वाटतं... बाबा असतील का?"

पिस्टन चिकटायच्या आधी अस्संच होतं, या धंद्यातल्या कुणालाही विचारा. मी सिलिंडरवर हात टेकवला. एवढा चढ चढून आलेलं इंजिन, हात भाजायला हवा होता. गार होतं ते.

"क्लच दाब," मी कसाबसा म्हणालो. "तसं वाटलं की आधी क्लच दाब, पोरी. चाक इंजिनापासून सुटतं. माणूस वाचतो."

तिनं माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं.

"दाबते ना, काका. दाबला तरी सोडत नाही."