उशांचं कुंपण

पोर अजून बसत नाही म्हणून तपासायला आलेल्या नर्सबाईंनी सातवी उशी उपसून बाजूला फेकली आणि दहा महिन्यांची ठकी धपकन एका कुशीवर कलंडली! दारात उभ्या असलेल्या मोठीचा जीव असा काही वर आला, की हातातली सुई बोटात कधी रुतली तेही तिला कळलं नाही... पण उंबरा ओलांडून ती आत गेली नाही. तिला ती मुभाच नव्हती.

"अहो, गादीवाल्यांचं घर म्हणून पोरीला उशांत पुरायचं का?" नर्सबाई ठकीच्या आईवर, म्हणजे धाकटीवर, डाफरल्या. "चहूबाजूंनी टेकू असल्यावर हिची पाठ कशाला कष्ट घेईल? कठीण जमिनीवर बसवा. मागे बसून कमरेला धरा आणि हळूहळू हात सोडायला शिका. डोलेल, कलंडेल, पण शिकेल!"

त्या साऱ्या उशा मोठीनेच शिवल्या होत्या. नवरा गेल्यापासून ही थोरली जाऊ मागच्या खोलीत दिवसभर मशीनवर दुकानाच्या गाद्या-उशा शिवत असे. ज्या पुतणीला मांडीवर घ्यायची बंदी, तिच्याभोवती निदान आपल्या हातचा कापूस तरी असावा, या वेड्या मायेने ती दर थोड्या दिवसांनी एक नवी उशी धाकटीच्या हाती देई... आणि त्याच मायेने पोर मागे राहिली की काय!

बंदी सहा महिन्यांपूर्वीची. चार महिन्यांची ठकी पलंगावरून पडली होती. बाळंतपणाने पिचलेली धाकटी तिच्या शेजारी बसल्या बसल्या पेंगली होती. रडणं ऐकून मोठीने धावत येऊन पोरीला उचललं, तेवढ्यात खालच्या दुकानातून ठकीचा बाप वर आला. धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. दिराच्या रागापुढे ही अशक्त जाऊ उभी राहायची नाही, हे मोठीला ठाऊक होतं. "माझ्या हातून निसटली, भावजी," ती बोलून गेली. चार दिवस बोलणी खावी लागतील, एवढाच तिचा अंदाज. पण दीर गरजला, "यापुढे माझ्या मुलीला हात लावायचा नाही!" आणि तो अडून बसला. धाकटीही गप्प राहिली... आधी भीतीने, आणि पुढे बोलायची वेळ निघून गेली म्हणून.

आता धाकटीने चार दिवस खटपट केली, पण ठकी जराशी डोलली की हिचे हात झडप घालत. पाचव्या दिवशी दुपारी ती ठकीला घेऊन मागच्या खोलीत आली.

"ताई, माझ्याच्याने हात सुटत नाहीत हो! ती डोलली की मला तो पलंगच दिसतो... तुम्ही बसवा हिला."

"आणि भावजींनी पाहिलं तर?"

"तुम्हांला माझी शपथ आहे."

मोठी फरशीवर पाय फाकवून बसली आणि तिने ठकीला मध्ये बसवलं. एकदा उराशी धरलं असतं तर पुन्हा सोडवलं नसतं, म्हणून त्या माउलीने धरलंच नाही! दोन्ही हात फक्त कमरेला. ठकी पुढे झुके, तळहात टेकवी, तोल जाऊन भोकाड पसरी. "अगं सटवे, मान वर कर की! म्हातारीसारखी काय वाकतेस?" मोठी हसून म्हणे आणि पुन्हा बसवी. रोज दुपारी, कधी दोन मोजेपर्यंत हात सोडायचे, कधी पाच.

अकराव्या दुपारी दारात दीर उभा राहिला.

"वहिनी! एकदा पाडलंत, तेवढ्यानं समाधान झालं नाही?"

चोरी पकडल्यासारखे मोठीने दोन्ही हात झटकन मागे घेतले.

"त्यांनी नाही पाडलं हो!" शेजारीच बसलेल्या धाकटीने हंबरडा फोडला. "मी पाडलं! मला झोप लागली होती... मला तुम्ही बोलाल म्हणून त्यांनी स्वतःवर घेतलं. आणि मी... मी सहा महिने त्यांना जळताना बघत राहिले!"

"वहिनी... खरं आहे हे?"

मोठी ठकीकडे पाहत होती. कमरेला कुणाचा हात नव्हता, आणि ठकी बसली होती! पाठ ताठ, सापडलेल्या रिळाचा दोरा ओढण्यात गर्क.

दीर वहिनीसमोर खाली बसला. "चुकलो मी... कुठल्या तोंडाने माफी मागू? घ्या तिला, वहिनी. मांडीवर घ्या. तुमचीच आहे ती."

या एका शब्दासाठी मोठीने सहा महिने उशीत तोंड खुपसून आसवं गाळली होती. तिचे व्याकूळ हात पुढे गेले, ठकीच्या काखेपर्यंत गेले... आणि थांबले.

"नको, भावजी," ती कशीबशी म्हणाली. "आत्ता कुठे बसलीय. बसू द्या तिला."

डोळ्यांना धारा लागल्या होत्या. ठकीची पाठ आपल्याला टेकू नये, म्हणून ती आणखी थोडी मागे सरकली.